शास्त्रचर्चा : आकाशांतील पंच आणि शेताचा बांध

जमीन आली कीं बांध आला, आणि बांध आला कीं भाऊबंदकी आली, हें महाराष्ट्रांतील कुटुंबांस नव्यानें सांगावयास नको. नोकरीच्या निमित्तानें शहरांत स्थायिक झालेल्या, पण गांवीं वडिलोपार्जित दोन-चार एकर राखून असलेल्या मंडळींना तर या प्रकरणाचा अनुभव विशेषच असतो. शेजारी दरवर्षीं नांगराच्या एकेका तासानें बांध कोरीत जातो, आणि दहा वर्षांनीं गांवीं गेलेल्या मालकास आपलें शेत आकसल्याचा भास होतो. तो नुसता भास कीं वस्तुस्थिति, हें ठरविण्यासाठीं मोजणीचा अर्ज द्यावा, तर अलीकडे मोजणीदार पूर्वींची साखळी किंवा फलकयंत्र न आणतां एक काठी घेऊन येतो. काठीच्या टोंकाला लहानशा डब्यासारखें एक यंत्र बसविलेलें असतें. तो ती काठी हद्दीच्या खुणेवर उभी धरतो, हातांतील पाटीवरचे आंकडे पाहतो, आणि थोड्याच वेळांत पुढच्या खुणेकडे वळतो. या यंत्रास रोव्हर म्हणतात.

हें रोव्हर आकाशांतील एका नव्हे, तर अनेक निरनिराळ्या उपग्रहमालांचे संकेत एकदम ऐकत असतें. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपीय राष्ट्रांची गॅलिलिओ, चीनची बेइदौ आणि आपल्या देशाची नाविक अशा त्या मुख्य माला होत. राजकारणांत ज्यांचें एकमेकांशीं क्वचितच पटतें, त्यांचे उपग्रह आपल्या शेताच्या धुऱ्यावर एकत्र साक्ष देतात, ही गोष्ट मौजेची तर खरीच. परंतु ‘पांचामुखीं परमेश्वर’ या आपल्या म्हणीचा येथें कितपत प्रत्यय येतो, आणि तो कोणत्या अटींवर येतो, याचा थोडा विचार या महिन्यांत करावा असा आमचा मानस आहे.

प्रथम मूळ कल्पना पाहूं. प्रत्येक उपग्रह ‘मी अमुक ठिकाणीं आहें व माझ्या घड्याळांत आतां अमुक वेळ झाली आहे’ असें सतत सांगत असतो. हा निरोप प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर या वेगानें, खालीं येतो. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तेथून निरोप आपणांपर्यंत पोहोंचण्यास सेकंदाचा पंधरावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. निघाल्याची वेळ आणि पोहोंचल्याची वेळ यांतील फरक काढला कीं उपग्रहाचें अंतर कळतें. एका उपग्रहाचें अंतर कळलें म्हणजे आपण त्याच्याभोंवतालच्या एका मोठ्या गोलाच्या पृष्ठभागावर कोठें तरी आहों एवढें समजतें. दुसऱ्यामुळें तो गोल एका वर्तुळावर येतो. आणि तिसऱ्यामुळें दोनच बिंदु उरतात, ज्यांतला एक बहुधा अंतराळांत कोठें तरी असल्यामुळें आपोआप बाद होतो.

इतकें सरळ असतें तर तीन उपग्रहांवर भागलें असतें. अडचण आहे ती घड्याळाची. उपग्रहांत आण्विक घड्याळें असतात. परंतु आपल्या खिशांतील फोनांत तसलें घड्याळ बसविणें शक्य नाहीं. सेकंदाच्या दशलक्षांशाएवढी चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. तेव्हां फोनच्या घड्याळाची चूक हीच एक चौथी अज्ञात राशि मानावी लागते, आणि चार अज्ञातें सोडविण्यास चार समीकरणें, म्हणजेच चार उपग्रह, लागतात. शाळेंत बीजगणिताचा कंटाळा करणाऱ्या आमच्या बालवाचकांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. त्यांचा फोन दर सेकंदास हेंच उदाहरण सोडवीत असतो.

मग चार उपग्रह पुरेसे असतां तीस-चाळीस कशाला हवेत? याचें पहिलें उत्तर भूमितींत आहे. १८०२ सालीं कर्नल लॅम्टन यांनीं मद्रासेजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, तेव्हांपासून मोजणीदारांचा एक नियम आहे कीं, त्रिकोण फार निमुळता नसावा. दोन रेषा काटकोनाच्या आसपास छेदल्या तर छेदनबिंदु स्पष्ट मिळतो. त्या जवळजवळ समांतर असल्या तर रेषेची यत्किंचित् चूक बिंदूस दूर ढकलते. उपग्रहांचेंहि तसेंच. ते आकाशांत चोहोंकडे विखुरलेले असले तर स्थान नेमकें निघतें. सर्वच्या सर्व एका बाजूस गोळा झाले तर तीच लहानशी चूक अनेक पटींनीं वाढते. मोकळ्या माळावर एकट्या जीपीएसचे आठ-दहा उपग्रह सहज दिसतात व काम भागतें. पण पुण्याच्या पेठांतील एखादी अरुंद गल्ली घ्या, किंवा कोंकणांतील दाट आमराई. तेथें आकाशाची एक पट्टीच काय ती मोकळी असते. त्या पट्टींत एका मालेचे तीनच उपग्रह सांपडले तर गाडें अडतें. निरनिराळ्या माला एकत्र धरल्या तर त्याच पट्टींत दहा-बारा सांपडूं शकतात.

जपानी लोकांनीं ही अडचण फार चांगली ओळखली. टोकियोसारख्या शहरांत उंच इमारतींच्या घळींतून क्षितिजाजवळचे उपग्रह दिसतच नाहींत. म्हणून त्यांनीं डोक्यावर बराच काळ राहतील अशा कक्षांत स्वतःचे उपग्रह धाडण्यास २०१० सालीं प्रारंभ केला. त्यांतील पहिल्याचें नांव मिचिबिकी. स्वतंत्र संसार थाटण्यापेक्षां जीपीएसशीं मेळ घालून तिची उणीव भरून काढणें, हा त्यांचा प्रथमपासून हेतु होता. शेजाऱ्याशीं स्पर्धा न करतां त्याच्या भिंतीस आपली भिंत टेकवून दोघांचेंहि घर मजबूत करावें, अशांतला हा प्रकार.

आतां कोणासहि वाटेल कीं, माला अनेक झाल्या म्हणजे त्यांचे उपग्रह एका पंगतींत बसविले कीं झालें. तसें होत नाहीं. प्रत्येक मालेचें घड्याळ निराळें व नकाशाचा पायाहि किंचित् निराळा. आमच्या वृद्ध वाचकांस मुंबईच्या जुन्या वेळेची गोष्ट ऐकून ठाऊक असेल. १९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबई शहरानें आपली स्वतःची वेळ पुढें कित्येक वर्षें सोडली नाहीं; ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. आणि एका घरांत टिळक पंचांग व शेजारच्या घरांत दुसरें पंचांग असल्यामुळें अधिक मासाच्या वर्षीं सण महिन्याच्या अंतरानें आल्याचीं उदाहरणें तर आपल्या समाजांत आहेतच. कोणाचेंच गणित चुकलेलें नसतें. आरंभबिंदु मात्र निराळा धरलेला असतो.

उपग्रहमालांतहि हाच पंचांगवाद आहे. जीपीएसची कालगणना १९८० सालच्या जानेवारीच्या ६ तारखेपासून चालू झाली, आणि ती जागतिक वेळेंत अधूनमधून घातल्या जाणाऱ्या अधिक सेकंदांस जुमानीत नाहीं. म्हणून २०१७ सालापासून ती जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढें आहे. बेइदौची गणना १ जानेवारी २००६ रोजीं सुरू झाली. ती जीपीएसच्या १४ सेकंद मागें चालते. ग्लोनास मात्र अधिक सेकंद पाळते, आणि मॉस्कोच्या वेळेशीं बांधलेली आहे. हे पूर्ण सेकंदांचे फरक ठाऊक असल्यानें वजा करतां येतात. त्याखेरीज सेकंदाच्या अब्जांशांत मोजावे असे जे बारीक फरक राहतात, तेच त्रासाचे. कारण एका अब्जांशास प्रकाश ३० सेंटीमीटर चालतो, आणि अशा वीस-तीस अब्जांशांचा फरक दुर्लक्षिला तर आपला बांध सहा ते नऊ मीटर सरकेल!

यावर उपाय असा कीं, जितक्या माला घ्याव्या तितक्या घड्याळांच्या चुका अज्ञात म्हणून धराव्या. दोन माला घेतल्या तर अज्ञातें पांच. चार घेतल्या तर सात. यांतून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. एखाद्या मालेचा एकच उपग्रह दिसत असेल, तर त्याची सारी साक्ष स्वतःच्या मालेचें घड्याळ लावण्यांतच खर्ची पडते. स्थान ठरविण्यास तिचा कांहींएक उपयोग होत नाहीं. पाहुणा आपला शिधा घेऊन आला आणि तेवढाच जेवून गेला, तशी ही स्थिति. त्याच मालेचा दुसरा उपग्रह दिसूं लागला म्हणजे घरास त्या पाहुण्यांचा हातभार लागूं लागतो. मालामालांमधील वेळेचा फरक आधींच ठाऊक करून दिला असेल तर एकट्या पाहुण्याचाहि उपयोग होतो. म्हणूनच गॅलिलिओसारख्या माला जीपीएसशीं असलेला आपला फरक स्वतःच्या निरोपांतून कळवीत असतात.

आतां म्हणीकडे वळूं. पंच पांच असावेत तें कशासाठीं? एकानें खोटें सांगितलें तर बाकीच्यांनीं तें उघडकीस आणावें म्हणून. उपग्रहांबाबतहि संख्येचा खरा लाभ हाच आहे. एकाच मालेचे चार उपग्रह असतां त्यांतला एक चुकला तर तें कळण्यास मार्ग नाहीं. पांच असले तर कोणी तरी चुकतो आहे एवढें समजतें. सहा असले तर कोण चुकतो तें शोधून त्यास पंगतींतून उठवितां येतें. विमानविद्येंत या तपासणीस फार महत्त्व आहे, कारण तेथें स्थान किंचित् चुकण्यापेक्षां तें चुकलें आहे हें न कळणें अधिक घातक.

ही केवळ पुस्तकी शंका नव्हे. २०१४ सालच्या एप्रिलच्या १ व २ तारखांस ग्लोनासचे उपग्रह आपल्या जागेविषयीं भलतीच माहिती देऊं लागले. ही अव्यवस्था सुमारें अकरा तास चालली. ती एका उपग्रहाची नव्हती. जमिनीवरून धाडलेली माहितीच चुकीची असल्यानें सारी मालाच एकदम भ्रष्ट झाली. २६ जानेवारी २०१६ रोजीं जीपीएसच्या कांहीं उपग्रहांनीं जागतिक वेळेचा हिशेब सुमारें १३ दशलक्षांश सेकंदांनीं चुकीचा सांगितला; स्थाननिश्चयास त्याची फारशी झळ लागली नाहीं, पण वेळेसाठीं तिजवर विसंबणाऱ्या यंत्रणांची धांदल उडाली. २०१९ सालच्या जुलैंत गॅलिलिओची सेवा जवळजवळ आठवडाभर बंद पडली. सामान्य फोनधारकांस त्याचा पत्ताहि लागला नाहीं, कारण त्यांचे फोन मुकाट्यानें दुसऱ्या मालांकडे वळले. सर्वांत जुन्या व श्रीमंत घराण्यासहि असा दिवस येतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एकाच्याच भरंवशावर राहणें शहाणपणाचें नव्हे हें उघड होतें.

परंतु २०१४ च्या प्रसंगानें दुसराहि एक धडा दिला. ज्या यंत्रांनीं प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी केली तीं तरलीं. ज्यांनीं सर्वांचें म्हणणें डोळे मिटून एकत्र केलें तीं दोन माला असूनहि फसलीं. म्हणजे संख्या हें बळ खरें, पण विवेक नसेल तर तीच संख्या अडचण होते. आमच्या मतें ‘पांचामुखीं’ या शब्दाचें मर्महि हेंच असलें पाहिजे. पांच मुखें स्वतंत्र असलीं पाहिजेत. एकाचें ऐकून चौघांनीं तेंच सांगितलें तर तें एकच मुख होय.

आणि येथें म्हणीची मर्यादाहि दिसून येते. कांहीं चुका अशा आहेत कीं त्या सर्व साक्षीदारांस सारख्याच बाधतात. वातावरणाच्या वरच्या थरांत सूर्यकिरणांमुळें विद्युद्भारित झालेला एक पट्टा आहे. त्यांतून येतांना संकेत मंदावतात, आणि अंतर कित्येक मीटर, प्रसंगीं कित्येक दशक मीटर, अधिक भासतें. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस या पट्ट्याची दाटी सर्वांत अधिक असते, आणि तींतील उत्तरेकडची ओळ आपल्याच देशावरून जाते. सूर्यास्तानंतरच्या कांहीं तासांत हा थर विशेष खळबळतो. अशा वेळीं दहा उपग्रह आणखी मिळविले तरी दोष जात नाहीं. त्यास उपाय निराळा : एकाच उपग्रहाचे दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांचे संकेत ऐकावे. हा मंदपणा कंपनसंख्येप्रमाणें बदलत असल्यानें दोहोंच्या तुलनेनें तो काढून टाकतां येतो. तसेंच, जवळपास कोणी त्याच लहरींवर मोठ्यानें गोंगाट करणारें यंत्र लाविलें, तर साऱ्याच माला बहुतांशीं शेजारच्या लहरी वापरीत असल्यामुळें सर्वांचेच आवाज एकदम बुडतात.

आपल्या नाविकेविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. हिची रचना सात उपग्रहांची. तीन विषुववृत्तावर स्थिर भासणारे व चार तिरप्या कक्षांतून फिरणारे. सर्व सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडण्यांत आला. इतर मालांचे उपग्रह जगभर भटकतात व आपल्या वांट्यास थोडेच येतात. नाविकेचे उपग्रह आपल्याच आकाशांत ठाण मांडून असतात. हा गुण मोठा. परंतु परदेशांतून आणलेलीं आण्विक घड्याळें एकामागून एक बंद पडल्यानें या मालेची फार हानि झाली. २०१७ च्या ऑगस्टांत धाडलेला बदली उपग्रह अग्निबाणाच्या आच्छादनांतच अडकून वायां गेला. २९ मे २०२३ रोजीं स्वदेशी आण्विक घड्याळ असलेला नवा उपग्रह यशस्वी झाला. मात्र २०२५ च्या जानेवारींत श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणांतून गेलेला त्याचा धाकटा भाऊ नियोजित कक्षेस पोहोंचूं शकला नाहीं. त्याच वर्षीं संसदेंत दिलेल्या माहितीप्रमाणें स्थाननिश्चयाच्या कामीं येणारे नाविकेचे उपग्रह चारच उरले होते. देशाभिमानी माणसास हें वाचून वाईट वाटेल. पण वस्तुस्थिति झांकून अभिमान वाढत नसतो. आणि मेळ घालण्याच्या पद्धतीचा फायदा हाच कीं, चार असले तरी ते चार इतरांच्या पंगतींत बसून उपयोगीं पडतात, व आपली माला पूर्ण होईपर्यंत आपलीं कामें अडून राहत नाहींत.

आतां पुन्हां त्या काठीकडे येऊं. साध्या फोनास उघड्यावर तीन ते पांच मीटरांपर्यंत स्थान कळतें. पण रोव्हर सेंटीमीटरांची भाषा बोलतें तें कसें? त्याचें रहस्य दोन गोष्टींत आहे. एक, तें एकटें नसतें. भारतीय सर्वेक्षण विभागानें ठिकठिकाणीं अखंड चालणारीं स्थिर केंद्रें बसविलीं आहेत. त्यांची जागा आधींच नेमकी ठाऊक असल्यामुळें त्या क्षणीं आकाशांतील साक्ष किती चुकते आहे हें त्यांस कळतें, व तो चुकीचा हिशेब रोव्हरास पोहोंचविला जातो. दुसरी, तें निरोपाचे शब्द ऐकून न थांबतां ज्या लहरीवरून निरोप येतो तिचे वेढेच मोजतें. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारें १९ सेंटीमीटर. तिचा शंभरावा हिस्साहि मोजतां येतो. अडचण एवढीच कीं, मधल्या अंतरांत पूर्ण लहरी किती बसल्या तो आंकडा प्रथम ठाऊक नसतो. अनेक शक्य आंकड्यांतून सर्व उपग्रहांशीं जुळणारा एकच संच शोधावा लागतो. येथें अनेक मालांचा खरा चमत्कार दिसतो. पूर्वीं एकट्या जीपीएसवर यासाठीं मोजणीदारास एकेका बिंदूवर तासभर तिष्ठत बसावें लागे. आज वीस-पंचवीस उपग्रह मिळतांच उघड्या शेतांत तें काम कांहीं सेकंदांत उरकतें. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत महाराष्ट्रांतील गांवठाणांचे नकाशे वैमानिकरहित विमानांतून करण्यांत येऊं लागले, त्यांसहि याच स्थिर केंद्रांचा आधार आहे.

या सर्व विवेचनावरून गृहस्थाश्रमी वाचकांनीं काय घ्यावें? पहिलें हें कीं, हातांत फोन धरून बांधावरून फेरी घालावी व निघालेल्या क्षेत्रफळावरून शेजाऱ्यास नोटीस धाडावी, असा मोह आवरावा. शंभर मीटर लांबीच्या बांधावर पांच मीटरांची चूक म्हणजे ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारें पांच गुंठे! फोनवर किती मालांचीं नांवें झळकतात यास येथें महत्त्व नाहीं. स्थिर केंद्राचा आधार व लहरींची मोजणी नसेल तर तो मार्ग दाखविण्यास उत्तम, न्याय करण्यास निरुपयोगी.

दुसरें याहून महत्त्वाचें. रोव्हर सांगतें तें खूण आज कोठें आहे एवढेंच. ती कोठें असावयास हवी होती हें तें सांगूं शकत नाहीं. त्याचा निर्णय जुन्या टिपणांवरून व नकाशावरून व्हावयाचा. तीं टिपणें ३३ फुटांच्या साखळीनें केलेलीं. साखळीचे सोळा आणे, आणि एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित् अधिक. ज्या दप्तराची बारकाई आण्याच्या हिशेबाची आहे, त्याच्या जोरावर नव्या यंत्रानें दाखविलेल्या चार बोटांच्या फरकासाठीं सख्ख्या चुलत भावाशीं कोर्टांत जाणें म्हणजे धान्य मोजण्याच्या पायलीनें सोनें तोलण्यासारखें आहे. नांगराच्या तासांनीं खरोखरच हात-दोन हात बांध सरकला असेल, तर यंत्र तें निर्विवाद दाखवील, व त्यावेळीं आपला हक्क अवश्य मागावा. पण यंत्राच्या सूक्ष्मतेस आपल्या हक्काची सूक्ष्मता समजूं नये.

म्हणून मोजणीच्या दिवशीं होतां होईल तों दोन्ही पक्षांनीं शेतावर हजर असावें. मोजणी सायंकाळपर्यंत न लांबवितां दिवसाउजेडीं उरकावी. झाडाखालच्या खुणेवर यंत्र स्थिर आंकडा देत नसेल तर घाई करूं नये. आणि शक्य तेथें तीच खूण थोड्या वेळानें पुन्हां मोजावयास सांगावी. दोन्ही वेळचे आंकडे जुळले म्हणजे आकाशांतील पंचांनीं आपलें काम चोख बजावलें असें समजावें. पुढचें काम जमिनीवरच्या पंचांचें. आणि तेथें उपग्रह कितीहि वाढले तरी थोडा समजूतदारपणा हा लागणारच.